इंजिनाची चूळ

गावात त्याला तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे बिनडिझेल. दोन्ही नावं त्याला ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर पाठीमागचं त्याला जास्त आवडायचं. कुणी बोळाच्या तोंडाशी उभं राहून "बिनडिझेल आहे का घरी?" असं ओरडलं, की तो मुद्दाम जरा उशिरा ओ द्यायचा. चार घरांना आणखी एकदा ऐकू गेलं तर काय बिघडलं?

नदीच्या धक्क्याकडे उतरणाऱ्या रस्त्याला त्याची गिरणी होती. पुढच्या खोलीत चक्की आणि भिंतीला लागून इंजिन, मागच्या खोलीत संसार. इंजिन एका सिलिंडरचं, हँडल मारून सुरू करायचं. पण एकदा लागलं की शेजारच्या घरातल्या कपबश्या फळीवरून पुढे पुढे सरकत यायच्या. संसार आणि इंजिन यांच्यामध्ये एका विटेची भिंत. बायको म्हणायची, "सवत दिसत नाही एवढंच काय ते सुख. पण बोलते किती मेली!"

तेलाचं वेड त्याला उगाच लागलं नव्हतं. डिझेल यायचं लांबून, पिंपांतून. वरचा रस्ता खचला की यायचंच नाही. मग गिरणी बंद, आणि दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायका ओट्यावर बसून मिस्त्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. अशा वेळी तो दारात उभा राहून समोरच्या कुंपणाकडे बघत राहायचा. त्या भागातलं प्रत्येक कुंपण रानएरंडाचं. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही, म्हणून तर लोक तो कुंपणाला लावायचे. बिया मात्र तेलानं गच्च, आणि खाल्ल्या तर आतडी बाहेर येईपर्यंत ओकाऱ्या. माणूस खात नाही, जनावर खात नाही, मग इंजिनाला वाढायला काय हरकत आहे, असा त्यानं सरळ विचार केला.

घाणा म्हणून त्यानं भंगारातला एक स्क्रूच्या दाबयंत्राचा सांगाडा आणला. तेल गाळायला कापड हवं होतं. बायकोनं आपल्या कपाटाला कुलूप लावलं, तेव्हा त्यानं स्वतःची जुनी पँट घेतली, दोन्ही पाय खालून शिवले, वरून तेल ओतलं आणि पँट आढ्याला टांगली. दोन्ही पायांतून थेंब थेंब तेल खालच्या पातेल्यात पडायचं. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटायचं, मिस्त्रीनं अखेर स्वतःचं काही बरंवाईट करून घेतलं.

पहिले प्रयोग फसले. इंजिन ओल्या भुईनळ्यासारखं फुसफुसायचं, काळा धूर सोडायचं, मरायचं. हळूहळू त्याच्या लक्षात आलं की हे तेल दाट असतं. थंड इंजिनाला पाजलं तर त्याला ठसका लागतो. तापल्यावर मात्र ते गटागटा पितं. आणि बंद करताना तेच तेल नळीत, नोझलमध्ये राहिलं, तर थंड होऊन डिंकासारखं बसतं. मग त्यानं रीत बसवली. सुरू करायचं पेलाभर डिझेलवर. तापलं की कॉक फिरवून तेलावर न्यायचं. दिवसभर दळायचं. बंद करायच्या आधी पुन्हा कॉक फिरवून थोडा वेळ डिझेल द्यायचं, म्हणजे आतली वाट धुऊन निघते. याला तो चूळ म्हणायचा. "जेवल्यावर माणूस चूळ भरतो की नाही? मग इंजिनानं काय घोडं मारलंय?"

रीत उत्तम होती. तेवढ्यावर तो थांबला असता तरी गावानं त्याचं कौतुक केलंच असतं. पण एके दिवशी ओट्यावरच्या कुणीतरी विचारलं, "म्हणजे डिझेल अजिबातच लागत नाही?" आणि मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं, "थेंबभर नाही." विचारणाऱ्यानं असा काही आ वासला, की तो आ मिस्त्रीला आयुष्यभर पुरला. पेलाभर डिझेल लागतं म्हटल्यावर असा आ कोण वासतो?

त्याच आठवड्यात डिझेलचा छोटा डबा इंजिनाजवळून नाहीसा झाला. भिंतीला भोक पडलं, भोकातून बारीक नळी पलीकडे गेली, नळीवर चुना फिरला, आणि डबा जाऊन बसला बायकोच्या स्वयंपाकाच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी.

"अहो, हे काय?"

"हळू बोल."

"माझ्याच घरात मी हळू बोलू? डिझेलच्या वासानं मला मळमळतंय."

"होईल सवय."

"मला होईल. लोकांना खरं कळल्यावर तुम्हाला होईल का?"

कॉक त्यानं इंजिनाच्या पायाशी ठेवला आणि त्यावर कायम एक फडकं टाकलं. बघायला माणसं जमली की तो ग्रीस पुसायच्या मिषानं वाकायचा, पुसता पुसता कॉक फिरवायचा आणि सरळ होऊन कपाळाचा घाम पुसायचा. लोक म्हणायचे, किती जपतो बघा इंजिनाला.

ह्या लोकांत सगळ्यात पुढे असायचा त्याचा दादा.

दादाची मशीनची होडी होती. ह्या काठाची माणसं त्या काठाला आणि त्या काठाची ह्या काठाला, एवढंच त्याचं जग. वडील लवकर गेल्यावर त्यानंच वल्ही मारून धाकट्याला वाढवलं, आणि होडीला पुढे इंजिन बसलं तेव्हा ते खोलून जोडायची पहिली संधीही धाकट्यालाच दिली. चार स्क्रू उरले होते तेव्हा. दादानं ते खिशात टाकले आणि कुणाला सांगितलं नाही. असा माणूस. आभाळावर त्याचा विश्वास नव्हता, नदीवर तर नव्हताच. भावावर मात्र डोळे मिटून होता. होडीत बसणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाला तो मधल्या प्रवाहात गाठून सांगायचा, "आमच्या धाकट्याचं इंजिन बघितलंत का? उतरल्यावर बघा. रानएरंडावर चालतं. थेंबभर डिझेल नाही!" मधल्या प्रवाहात माणूस जाणार कुठे? ऐकायचा बिचारा.

मग एकदा कुठल्याशा संस्थेची माणसं आली, कॅमेरे घेऊन. दादानंच त्यांना आणलं होतं. ओट्यावर जत्रा भरावी तशी गर्दी. मिस्त्रीनं हँडल मारलं, फडक्यानं पुसलं, घाम टिपला. फोटो निघाले. आणि त्या गर्दीतून दादा म्हणाला, "अरे, मग माझ्या होडीला चालेल का रे हे?"

सगळे मिस्त्रीकडे बघायला लागले.

"न चालायला काय झालं!"

"काही वेगळं करावं लागेल?"

भिंतीपलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. मिस्त्रीनं तो ऐकला. कॅमेरावालाही थांबून उत्तराची वाट बघत होता.

"काही नाही दादा. ओतायचं आणि हँडल मारायचं."

मनात त्यानं ठरवलं होतं. रविवारी होडीवर जायचं, दादाला बाजूला घ्यायचं, दुसरा डबा आणि कॉक बसवून द्यायचा, आणि म्हणायचं, हे आपल्या दोघांत बरं का. दादा हसला असता. चार स्क्रूंसारखं हेही खिशात टाकलं असतं.

पण दादाला दम कुठला? तो संध्याकाळीच कॅन घेऊन आला आणि भरून घेऊन गेला. रविवारी मिस्त्रीकडे दुसरे पाहुणे आले. पुढच्या रविवारी चक्कीचा पट्टा तुटला. आणि मधल्या काळात होडी तर छान चालली होती! टाकीत आधीचं डिझेल होतं, त्यात मिसळून तेल जळत होतं, हे मिस्त्रीला कळत नव्हतं असं नाही. पण आपल्याला हवं ते समजून घ्यायला माणसाला कितीसा वेळ लागतो? दादाचं इंजिन दणकट, त्याला चूळ लागत नसेल, असं त्यानं स्वतःला पटवलं.

"दादांना सांगितलंत का?" बायको ताट वाढता वाढता विचारायची.

"सांगतो."

"भाताबरोबर हे वाक्यही रोज वाढू का?"

थंडी पडली तसं दादाला हँडल मारताना धाप लागायला लागली. त्याला वाटलं, आपलं वय झालं. हे त्यानं कुणाला बोलूनही दाखवलं नाही. एका सकाळी भरलेली होडी मधल्या प्रवाहात असताना इंजिन दोनदा गुदमरलं आणि गप्प झालं. प्रवाहानं होडी खाली ओढून नेली आणि जुन्या धक्क्याच्या बुडालेल्या खांबांवर आपटली. फळी फुटली, माणसं छातीभर पाण्यात पडली. बुडालं कुणी नाही. पलीकडच्या काठच्या एका म्हातारीचा हात मोडला आणि बाकीच्यांचा धीर.

दुपारी मिस्त्रीनं धक्क्यावर ते इंजिन खोललं. बाजूला दादा उकिडवा बसला होता, अजून ओल्याच कपड्यांत. मागे वहिनी, आणि तिच्या मागे दुसरे होडीवाले, ज्यांनी हौसेनं त्याला बिनडिझेल हे नाव दिलं होतं. मिस्त्रीनं हेड काढलं. पिस्टनच्या रिंगा काळ्या चिकट खळीत रुतून बसल्या होत्या. नोझलच्या तोंडावर काजळीची बोंडं धरली होती. त्यानं एकदा बघितलं आणि त्याला सगळं कळलं. खरं म्हणजे खोलायच्या आधीच कळलं होतं.

"काय दिसतंय रे?" दादानं विचारलं.

होडीवाले पुढे सरकले.

"कॅन कुठला होता?" मिस्त्री म्हणाला.

"कसला कॅन?"

"तेल नेलंस तो."

"घरातला. पाण्याचा. धुतला होता की मी."

"नीट धुतला नसशील. आत पाणी राहिलं असणार."

दादानं वहिनीकडे बघितलं. मग स्वतःच्या हातांकडे. "असेल बाबा. घाईत होतो मी. मला कधी एकदा ओततोय असं झालं होतं." तो उठला आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "माझा हलगर्जीपणा नडला. ह्याच्या तेलाला कुणी नाव ठेवायचं नाही, सांगून ठेवतो."

मिस्त्रीनं मान खाली घातली. नट सोडवायला घातली, असं लोकांना वाटलं.

इंजिन त्यानं नवीन रिंगा घालून पुन्हा उभं केलं. असं, की बोट टेकवलं तर सुरू व्हावं. पण दादानं बोट टेकवलं नाही. "माझ्या हाताला यंत्राची अक्कल नाही," म्हणाला, आणि होडी दुसऱ्याला देऊन टाकली. मग तो धक्क्यावर उभा राहू लागला, येणाऱ्या होड्यांचे दोर झेलायचे आणि खुंट्याला बांधायचे. ज्या नदीचा प्रत्येक भोवरा त्याला नावानिशी ठाऊक होता, तिच्या काठावर उभं राहून तो गाठी मारायचा. सवड मिळाली की दुसऱ्याच्या होडीत बसून पलीकडे जायचा आणि हात मोडलेल्या म्हातारीचं पाणी भरून द्यायचा.

आणि धुवायचा. हे नवीनच सुरू झालं. कॅन, बाटल्या, डबे, जे हाताला लागेल ते तो धुवायचा, नाकाशी धरायचा, पुन्हा धुवायचा आणि उन्हात उलटं घालायचा. वहिनी हसत हसत तक्रार घेऊन यायची.

"भाऊजी, तुमच्या दादांना काहीतरी सांगा हो. मिठाची बरणीसुद्धा धुऊन उन्हात! म्हटलं, अहो, मीठच भरायचंय. तर म्हणतात, आत थेंब राहिला तर? बरणी वाळेपर्यंत आम्ही सगळे अळणी जेवलो. तुमचं ऐकतात ते, तुम्हीच सांगा."

मिस्त्री हसायचा. बायको भिंतीकडे तोंड करून काहीतरी चिरत राहायची. वहिनी गेल्यावर म्हणायची, "सांगा की. तुमचं ऐकतात म्हणे."

तो नाही म्हणायचा नाही. सांगतो म्हणायचा. दादा स्वतः यायचा तेव्हा तर ओठांवर आलेलं असायचं. दादा दारातूनच कॅन वर करायचा, उजेडाकडे धरायचा आणि म्हणायचा, "बघ, लख्ख आहे की नाही?" वर्गात पाटी दाखवावी तसा. वयानं मोठा भाऊ. मिस्त्री म्हणायचा, "आहे." आणि धक्क्यावरच्या कंदिलापुरतं तेल भरून द्यायचा.

पुढे वरचा रस्ता पक्का झाला, डिझेल वेळेवर यायला लागलं, आणि चार गल्ल्या सोडून विजेची गिरणी निघाली. बघायला येणारे थांबले. आढ्याची पँट वाळून कडक झाली. मिस्त्रीचं इंजिन आठवड्यातून एखादवेळा चालायचं, तेही सवय म्हणून. ज्यांच्यासाठी ते खोटं उभं केलं होतं, ती माणसं कधीच पांगली होती, आणि खोटं मात्र फळीवर मिठाच्या बरणीशेजारी जागच्या जागी होतं.

मग लाँचवाली बाई आली. तिनं ह्या काठापासून त्या काठापर्यंत चालवायला लोखंडी लाँच आणली होती, आणि तिला हवा होता चालवणारा. बाई बोलायला एक घाव दोन तुकडे. दोन दिवस धक्क्यावर बसून तिनं सगळ्यांना पारखलं आणि दोर बांधणाऱ्या दादावर बोट ठेवलं. दादानं हात जोडले. बाई तशीच उठून मिस्त्रीच्या ओट्यावर आली.

"तुमचा भाऊ खुळा आहे का हो?"

"का बरं?"

"पाण्याकडे नुसतं बघून सांगतो कुठे गाळ साठलाय ते. मी लाँच देतेय, तर म्हणतो, माझ्या हातून एकदा माणसं पाण्यात पडलीत. अहो, इंजिनाला मी फिटर ठेवलाय! मला पाण्याचा माणूस पाहिजे. समजवा त्याला. उद्यापर्यंत थांबते, मग दुसरा बघते. तुमच्या शब्दाबाहेर नाही म्हणे तो."

बाई गेली. मिस्त्री बराच वेळ इंजिनाच्या पायाशी बसून राहिला. बायको दारात येऊन उभी राहिली. पण ह्या वेळी तिनं काही विचारलं नाही, आणि त्यानंच मग चपला पायात घातल्या आणि दादाला बोलावून आणलं.

त्यानं दादाला पुढच्या खोलीत बसवलं नाही. थेट आत नेलं. चुलीसमोर बायको होती, ती बाजूला सरकली. मिस्त्रीनं फळीवरचा डबा खाली काढायचा प्रयत्न केला. नळी आखूड होती, तो निघेना. मग त्यानं नुसताच हात दाखवला.

"हे काय?" दादानं विचारलं.

"डिझेल."

दादानं नळीवर बोट ठेवलं. बोट नळीवरून भिंतीपर्यंत गेलं. तो बाहेर गेला, भिंतीच्या पलीकडून त्यानं ती नळी शोधली, फडकं उचललं, कॉक बघितला, आणि परत आत आला.

"हे इकडून तिकडे जातं?"

"हो."

"कशाला?"

"सुरू करायला. आणि बंद करायच्या आधी... धुवायला."

"काय धुवायला?"

"नळी. नोझल. तेल आत राहिलं तर चिकटतं. रिंगा बसतात. तुझ्या बसल्या तशा."

चुलीवरचं पाणी उकळायला लागलं होतं. कुणी ते उतरवलं नाही.

"म्हणजे धुवायचं होतं ते इंजिन," दादा सावकाश म्हणाला. "आणि मी कॅन धुतोय."

मिस्त्रीला वाटलं होतं की दादा ओरडेल, कानाखाली देईल. त्यानं तयारीही ठेवली होती. पण दादा धाकट्याच्या बायकोकडे वळला. "तुला ठाऊक होतं?"

"रोज डोक्यावरच होता माझ्या, दादा."

"बोलली नाहीस."

"ह्यांना बोलले." तिनं पदरानं डोळे टिपले. "तुम्हाला बोलायला हवं होतं."

"दादा," मिस्त्री म्हणाला, "तुझी चूक नव्हती. कधीच नव्हती. तू बाईंना हो म्हण. मी आत्ता धक्क्यावर जाऊन सगळ्यांसमोर सांगतो."

"सांग."

"सांगतो."

"आणि त्या म्हातारीला?"

म्हातारी आदल्या वर्षी गेली होती.

"ती शेवटपर्यंत मला म्हणायची, तू मन लावून काम करत जा," दादा म्हणाला. "मी हो म्हणायचो. माफी मागायचो तिची. माझ्या नावानं." त्यानं डब्याकडे पुन्हा एकदा बघितलं. "तू मला नुसतं कानात सांगितलं असतंस तरी मी कुणाला बोललो नसतो रे."

ते मिस्त्रीला ठाऊक होतं. तेवढंच तर ठाऊक होतं.

त्यानं धक्क्यावर जाऊन सांगितलं. ज्यांना ऐकायचं होतं ते ऐकून हसले, बऱ्याच जणांना कुठल्या होडीची गोष्ट तेच आठवेना. इतकी वर्षं जे सांगायला जीव जात होता, ते सांगून व्हायला एक विडी ओढायचाही वेळ लागला नाही. दादानं बाईंना हो म्हटलं. लाँच रात्री पलीकडच्या काठाला उभी असायची, म्हणून दादा-वहिनी बिऱ्हाड घेऊन पलीकडे गेले. जाताना वहिनी बायकोला भेटून गेली. दादा सामानाजवळ थांबला होता.

थोड्या महिन्यांनी मिस्त्रीला चक्कीच्या सुट्या भागासाठी पलीकडे जावं लागलं. लाँच भरलेली होती. सुकाणूच्या चाकावर दादा होता, पाठ ताठ, नजर पाण्यावर. त्यानं मिस्त्रीला चढताना बघितलं आणि मान हलवली, इतरांना बघून हलवायचा तशीच. मिस्त्री इंजिनाच्या झाकणाजवळच्या बाकावर बसला. मधल्या प्रवाहात इंजिन खोकलं. थांबलं नाही, पण एक ठोका चुकला, मग आणखी एक. जुन्या माणसांनी आपोआप मिस्त्रीकडे बघितलं. तोही आपोआप उठला. नळीत हवा शिरली होती. त्याला तिथूनच ऐकू येत होतं.

"तू बस," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "आमचा फिटर बघेल."

फिटर मागून आला, हात पुसत, आणि झाकण उघडून आत वाकला. मिस्त्री खाली बसला. शेजारच्या बाईनं आपली पिशवी मांडीवर ओढून त्याला आणखी थोडी जागा करून दिली.